केमिकलची सेफ्टी शीट नुसती मागू नका, सप्लायरशी बोला: काय विचारायचं आणि आपण काय सांगायचं

आमच्या साकीनाक्याच्या गाळ्यात स्प्रे पेंटिंग आणि डिग्रीजिंग (भागांवरचं तेल-ग्रीस काढणं) चालतं, स्टोअर मी बघतो. मागे थिनरचा एक लॉट आला, ड्रम तोच, लेबल तेच, बिलावर नावही तेच, पण दुपारपर्यंत स्प्रे मारणाऱ्या पोराचं डोकं गरगरायला लागलं. त्याला बाहेर हवेत बसवलं, डॉक्टरकडे नेलं, बरा झाला तो. सप्लायरला खोदून विचारलं तेव्हा कळलं की थिनरमधल्या टोल्युइन या सॉल्व्हंटचा भाव वाढला म्हणून त्यात मिथेनॉल हे दुसरं सॉल्व्हंट घातलं होतं. म्हणजे मी डॉक्टरला जी सेफ्टी शीट (मालात काय आहे, धोका काय, उपाय काय ते सांगणारा कागद) दाखवली ती वेगळ्याच मालाची होती. हे अजून मनातून जात नाही म्हणून लिहितोय.

"शेठ, एमएसडीएस पाठवा" (म्हणजे हीच सेफ्टी शीट) एवढं म्हटलं की व्हॉट्सअॅपवर पीडीएफ येते आणि आपण ती फाइलला लावतो, तसं करू नका. मुंबईच्या केमिकल बाजारात, वडगादीला किंवा प्रिन्सेस स्ट्रीटला माल घेताना बऱ्याचदा ट्रेडर असतो, उत्पादक नाही, आणि त्याच्याकडे कुठल्यातरी तिसऱ्याच कंपनीची शीट असते. शीटमध्ये 16 सेक्शन असतात, आधी तीनच बघा. सेक्शन 1 मधलं कंपनीचं नाव ड्रमवरच्या नावाशी जुळतंय का, सेक्शन 3 मध्ये घटक आणि सीएएस नंबर, म्हणजे प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख नंबर, दिलेत का (टोल्युइनचा 108-88-3), आणि सेक्शन 16 मध्ये तारीख किती जुनी आहे. आणि पर्चेस ऑर्डरवरच एक ओळ टाकून ठेवा, मालाचे घटक बदलले तर डिलिव्हरीच्या आधी नवीन शीट पाठवावी. आम्ही त्या प्रकारानंतर ही ओळ टाकली, सप्लायर थोडा कुरकुरला पण ऐकलं त्याने.

मग सेक्शन 8, अंगावर काय संरक्षण घालायचं ते. तिथे नुसतं "योग्य ग्लोव्हज वापरा" लिहिलेलं असेल तर फोन करा आणि कुठल्या मटेरियलचे, किती मिनिटं टिकतात ते विचारा. सगळीकडे मिळणारे पातळ नायट्राइल टोल्युइनमध्ये फार टिकत नाहीत, ब्यूटाइल रबर मिथेनॉलला चांगलं पण टोल्युइनला नाही, त्यामुळे थिनर बदलला की ग्लोव्हजही बदलावे लागतात आणि हे पोरांना आपणहून कसं कळणार? सेक्शन 4, म्हणजे प्रथमोपचार, तो पण माल यायच्या आधी वाचा. स्टेनलेस स्टीलच्या पिकलिंग पेस्टमध्ये (वेल्डिंगचे डाग काढायच्या पेस्टमध्ये) हायड्रोफ्लोरिक अॅसिड असतं, त्याला कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लागतं, आणि हात भाजल्यावर ते शोधायला मेडिकलमध्ये पळणं म्हणजे उशीरच.

आता आपली बाजू, जी कोणीच करत नाही. माल आपण कसा वापरतो ते सप्लायरला लिहून कळवा: स्प्रे करतो की बुडवतो, गरम करतो का, शेजारी काय चालतं. आमच्याकडे ट्रायक्लोरोइथिलीनची डिग्रीजिंग टाकी आणि शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग होतं, टाकीतली वाफ वेल्डिंगच्या आर्कपाशी गेली तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो, हे मला सप्लायरच्या टेक्निकल माणसाने सांगितलं आणि ते सुद्धा मी वेल्डिंगचा विषय काढला म्हणून. टाकी दुसऱ्या टोकाला हलवली. युरोपात 2007 पासून रसायनांसाठी रीच नावाचा कायदा आहे, त्यात वापरणाऱ्याने आपला वापर सप्लायरला कळवायची सोय कायद्यातच आहे. आपल्याकडे 1989 चे घातक रसायनांचे नियम शीट आणि लेबल मागतात, पुढचं बोलणं आपल्यालाच सुरू करायला लागतं.

त्याच नियमांप्रमाणे कंटेनरवर आत काय आहे, उत्पादकाचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि धोक्याची माहिती पाहिजे. पण ड्रममधून कॅनमध्ये ओतलं की लेबल ड्रमवरच राहतं, म्हणून लेबल नसलेला कॅन टेम्पोतून उतरवूच देऊ नका. पावसाळ्यात तर जास्तच जपा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि डाइंगवाल्यांचा हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) ओला झाला की तापतो, पेटतो, सल्फर डायऑक्साइड सोडतो. सेक्शन 7 आणि 10 मध्ये पाण्यापासून लांब ठेवा असं असेल तर तो माल जमिनीवर नाही, वरच्या रॅकवर.

शेवटी प्रत्येक केमिकलचं अर्ध्या पानावर मराठी आणि हिंदीत लिहा: काय होतं, काय घालायचं, अंगावर पडलं तर काय, सप्लायरचा रात्रीही उचलला जाणारा नंबर (एकदा रात्री लावून बघा), आणि सेक्शन 14 मधला यूएन नंबर (वाहतुकीसाठी घातक मालाला दिलेला आंतरराष्ट्रीय नंबर), टोल्युइनचा 1294, फायर ब्रिगेडला तोच सांगायचा. हे कागद स्टोअरच्या आत नाही, गाळ्याच्या बाहेरच्या भिंतीवर लावा, आग लागली तर आत कोण जाणार.