बीफच्या बरगड्या आणि बटाटे: या चुका टाळा

मांस चामट आणि बटाट्यांचा लगदा, ही नेहमीची रड. दोघांना एकदमच भांड्यात ढकललं की दुसरं काय होणार? बरगड्यांना मंद आचेवर अडीच ते तीन तास हवेत, बटाट्याला अर्धा-पाऊण तास पुरे. बटाटे शेवटीच पडले पाहिजेत.

त्याहून मोठी चूक दीड तासाने होते. तुकडा चाखतात, तो कडक लागतो, 'जास्तच शिजलं वाटतं' म्हणून गॅस बंद. खरं तर ते अर्धवट शिजलेलं असतं. बरगडीच्या मांसात कोलॅजन, म्हणजे मांस धरून ठेवणारं चिवट प्रथिन, भरपूर. ७० अंश सेल्सियसच्या पुढे ते हळूहळू विरघळून जिलेटिन बनतं आणि त्यानेच रस्सा ओठांना चिकटतो. पण तोवर मांसातलं बरंच पाणी निघून गेलेलं असतं, म्हणून मधल्या वेळात ते सगळ्यात वाईट लागतं. झाकण ठेवा आणि थांबा. मांस मागे सरकून हाडाचं टोक उघडं पडलं आणि काटा फिरवताच धागे सुटले, की झालं. घड्याळापेक्षा ही खूण खरी.

रस्सा खळखळ उकळू देऊ नका. मांस कोरडं पडतं आणि चरबी रश्शात मिसळून तो गढूळ, तेलकट होतो. अधूनमधून एखादा बुडबुडा आला तरी पुष्कळ. ओव्हन असेल तर १६० अंश.

परतताना मांस ओलं असेल किंवा भांडं गच्च भरलं असेल तर पाणी सुटतं आणि तुकडे राखाडी पडतात. पुसून, थोडे थोडे परता. बुडाला लागलेलं तपकिरी असेल तर कांदा आणि घोटभर पाणी घालून खरवडून घ्या, सगळी चव तिथेच असते. काळं झालं असेल तर मात्र भांडं बदला. तो कडवटपणा कशानेच जात नाही.

बटाटा पाऊण तास झाला तरी टणक? रश्शात टोमॅटो, वाइन किंवा व्हिनेगर सढळ हाताने पडलं असणार. आंबटात बटाट्यातलं पेक्टिन, म्हणजे त्याच्या पेशी जोडून ठेवणारा पदार्थ, लवकर सुटत नाही. अशा रश्शासाठी बटाटे मिठाच्या पाण्यात वेगळे उकडून घ्या आणि शेवटची दहा मिनिटं आत सोडा. परदेशात असाल तर रसेट जातीचा बटाटा टाळा, तो विरघळतो; युकॉन गोल्ड जातीचा फोडी धरून ठेवतो.

कुकरमध्ये प्रेशर आल्यावर बारीक गॅसवर ३५ ते ४० मिनिटं. वाफ मात्र आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून घाईने काढली तर आत एकदम उकळी फुटते आणि मांस कोरडं होतं. बटाटे नंतर, झाकण उघडं ठेवून.

मीठ सुरुवातीला निम्मंच, कारण रस्सा आटतो. पातळ राहिला तर मांस बाहेर काढून नुसता रस्सा आटवा. कॉर्नफ्लोअर कशाला?

महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या मांसावरही बंदी असल्याने दुकानात मिळतं ते म्हशीचं किंवा रेड्याचं. त्यात चरबी कमी, आणि जनावर वयस्क असेल तर तासभर जास्त धरा. परदेशातल्या शॉर्ट रिब्जचं (आखूड कापलेल्या बरगड्यांचं) उलट: चरबीचा तवंगच तवंग. बटाटे घालण्याआधी भांडं रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं तर सकाळी चरबीची घट्ट चकती अलगद उचलता येते. फेकू नका, बटाटे आधी तिच्यातच खरपूस परता.