ऑटोएमएल शिकता येतं, बिघडलेले ट्रॅक्टर कुठून आणायचे?

मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाची पोरं विचारतात, इंजिनातला बिघाड मशीन लर्निंगनं, म्हणजे नोंदींवरून कॉम्प्युटरला शिकवून, ओळखायचा प्रोजेक्ट घेऊ का? घ्या. कोडिंग जेमतेम असलं तरी चालतं. टीपॉटसारखं ऑटोएमएल साधन (मॉडेल आपोआप बनवणारं सॉफ्टवेअर) अल्गोरिदम स्वतःच निवडतं, त्याच्या सेटिंग्जही जुळवतं. मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या गॅरेजांतून सुरुवात केली आणि माझा बहुतेक वेळ लॅपटॉपपुढे नाही, मिस्त्रीच्या बाजूला उकिडवं बसण्यात गेला.

कारण लेबल, म्हणजे कोणती नोंद चांगल्या इंजिनाची आणि कोणती बिघडलेल्या, ते तिथंच मिळतं. साध्या पंपाच्या जुन्या तीन सिलिंडर ट्रॅक्टरवर मिस्त्री इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट किंचित ढिला करतो. आवाज बदलला, तर तो सिलिंडर ठीक. काहीच फरक नाही, तर मिस मारणारा, म्हणजे नीट न पेटणारा, तोच. ("तुह्या कॉम्प्युटरले डिझेलचा वास येते काय रे?" हेही ऐकून घ्यायचं.) कॉमन रेल इंजिनावर (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनावर) मात्र हा प्रयोग अजिबात नको, तिथं दाब 1000 बारच्या वर जातो, डिझेलची धार कातडीत घुसते.

फोर स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. 2000 आरपीएमला (मिनिटाला 2000 फेऱ्या) सेकंदाला 33.3 फेऱ्या, म्हणजे तिन्ही मिळून 50 स्फोट. एक मेला की 16.7 हर्ट्झवर (सेकंदाला 16.7 वेळा) कंपन वाढतं. मोबाइलमधला कंपन टिपणारा सेन्सर, ॲक्सेलेरोमीटर, सेकंदाला 100 नोंदी घेत असेल तरी हे दिसतं; 50 हर्ट्झसाठी तो अपुरा, कारण नोंदी कंपनाच्या दुपटीहून जास्त लागतात. आरपीएम बदलला की हे आकडेही सरकतात, म्हणून प्रत्येक नोंदीसोबत तो लिहाच.

आता खरी गोम. रेकॉर्डिंगचे तुकडे सरमिसळ करून ट्रेनिंग (शिकवणं) आणि टेस्टमध्ये (तपासणं) वाटले, तर एकाच ट्रॅक्टरचे तुकडे दोन्हीकडे जातात. मॉडेल बिघाडाऐवजी ट्रॅक्टर ओळखायला शिकतं, आणि साधन खुशाल 99 टक्के अचूकता दाखवतं. टेस्टसाठी अख्खे ट्रॅक्टरच बाजूला ठेवा. शिवाय शंभरात पाचच नोंदी बिघाडाच्या असतील, तर "सगळं ठीक" म्हणणारं मॉडेलही 95 टक्के बरोबर ठरतं. खरे बिघाड किती सापडले ते मोजा. नोकरीच्या मुलाखतीत मला जाणकारांनी हेच खोदून विचारलं, अल्गोरिदमचं नाव कुणी फारसं विचारलं नाही.

जूनमध्ये सोयाबीनच्या पेरणीत ट्रॅक्टर मागायला जाऊ नका, मालक उभा करणार नाही. ऑगस्टमध्ये जा, आणि पुन्हा मे महिन्यात, पारा 44 वर असताना. नुसत्या ऑगस्टच्या नोंदींवर घडलेलं मॉडेल त्या उन्हात चांगल्या इंजिनालाही बिघडलेलं ठरवू शकतं.