व्हायब्रेटर घेताना आधी नाक वापरा

योनीत वापरायचा व्हायब्रेटर निवडताना वेग नि मोड नंतर बघा, आधी तो कशाचा बनलाय ते बघा. बॉक्स उघडल्यावर नव्या रेनकोटसारखा उग्र वास आला, हाताला चिकट लागलं, तर तो शरीरात घालूच नका. मऊ जेलीसारख्या स्वस्त प्लास्टिकला बारीक छिद्रं असतात. कितीही धुतलं तरी आत जंतू राहतात, शिवाय त्यात थॅलेट्स, म्हणजे प्लास्टिक मऊ करणारी, शरीराला अपायकारक ठरू शकणारी रसायनं असू शकतात. शंभर टक्के मेडिकल ग्रेड सिलिकॉन किंवा कडक एबीएस प्लास्टिक घ्या. नुसतं 'सिलिकॉन' लिहिलेलं मला पुरेसं वाटत नाही, भेसळ असू शकते.

मग त्यावरून बोट फिरवा. जोडाची रेघ नखाला अडकली तर आतल्या नाजूक त्वचेलाही ती टोचणारच. बॉक्सवर आयपीएक्स७ (पाण्यापासून बचावाचा दर्जा) असेल तर निर्धास्त धुता येतं: १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकतो. सिलिकॉनवर पाण्यावर आधारित ल्युब्रिकंटच (घर्षण कमी करणारं जेल) लावा, सिलिकॉनच्या ल्युबने पृष्ठभाग खराब होऊ शकतो.

गुदद्वारात वापरणार असाल तर बूड पसरट हवंच. नाहीतर तो आत सरकतो आणि काढायला डॉक्टर गाठावा लागतो.