कोरडवाहू जमीन सुधारताना या चुका टाळा

कमी पावसाच्या भागात माती सुधारण्यासाठी लोक कष्ट कमी करत नाहीत. चुकते ती वेळ. शेण, पाला, जिवाणू, काहीही घाला. कुजण्याचं काम ओल असेल तेव्हाच होतं. एवढं लक्षात न घेतल्याने त्याच त्या चुका वर्षानुवर्षं होताना बघतो आहे.

कच्चं शेण शेतात टाकून ठेवणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. गोठ्यातलं ओलं शेण ट्रॉलीने आणायचं, शेतात ढीग मारायचे आणि पाऊस येईपर्यंत तसेच सोडायचे. त्यातला बराच नत्र (नायट्रोजन) अमोनिया होऊन हवेत जातो, ढीग खडखडीत वाळतो आणि मातीत शेवटी मिसळतो तो न कुजलेला काडीकचरा.

ओळखीच्या एका शेतकऱ्याने ऐन पेरणीच्या तोंडावर असं शेण रानभर पसरलं. थोडं थांबा म्हटलं तर म्हणाला, मातीत गेलं की कुजेलच. उगवण चांगली झाली, पण पुढे रोपं पिवळी पडून माना टाकू लागली. रोग समजून त्याने बुरशीनाशक फवारलं, पुन्हा फवारलं. शेवटी रोप ओढून पाहिलं तर ते अलगद हातात आलं. मुळं कुरतडलेली, आणि खाली खणलं तर कच्च्या शेणाबरोबर आलेल्या हुमणीच्या पांढऱ्या अळ्या. अळी नव्हती त्या पट्ट्यातही पीक पिवळंच होतं. न कुजलेल्या काडीत कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र कमी असतो. ती कुजवताना जिवाणू मातीतला नत्र स्वतःसाठी ओढतात आणि पीक उपाशी राहतं. शिवाय शेणातून आलेलं तण वेगळंच.

मी शेण सावलीत, खड्ड्यात कुजवतो. थरावर थर, मध्ये पाणी, वरून मातीचा लेप, आणि तीन-चार महिने धीर. तयार खताला शेणाचा वास येत नाही, पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा येतो. जमिनीला ओल आली की ते शेतात नेतो आणि पसरलं त्याच दिवशी कुळवाची पाळी देऊन मातीआड करतो. यात घाई चालत नाही.

पांढरी दिसली की जिप्सम

जमिनीवर पांढरा थर दिसला की कोणीतरी जिप्सम सुचवतो आणि पोती रिकामी होतात. जिप्समचं काम मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम सोडवणं. सामू (पीएच) 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम, म्हणजे हाच कणांना चिकटलेला सोडियम, 15 टक्क्यांच्या वर असेल, म्हणजे जमीन चोपण असेल, तर त्याचा उपयोग. जमीन नुसती क्षारयुक्त असेल तर क्षार गोड्या पाण्याने धुऊन चरातून बाहेर काढावे लागतात. जिप्समने ते जात नाहीत. चोपण जमिनीतही निचरा नसेल तर सुटलेला सोडियम तिथेच राहतो. म्हणून आधी चर, मग जिप्सम. विहिरीचं किंवा बोअरचं पाणीही तपासून घ्या. पाणीच खराब असेल तर जमीन पुन्हा बिघडणार.

मातीचा नमुना कुठूनही उचलणं. बांध, झाडाखालची जागा, खताच्या ढिगाची जागा सोडा. वरचा कचरा बाजूला करून इंग्रजी व्ही अक्षरासारखा 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची माती काढा. अशा बऱ्याच ठिकाणची माती मिसळून अर्धा किलो पुरते.

काडीकचरा जाळणं. नत्र आणि गंधक धुरात जातात, कर्ब तर जातोच. रान लवकर मोकळं होतं एवढाच फायदा, आणि तो मला फायदा वाटत नाही.

उताराच्या दिशेने नांगरट. तासातून पाणी पळतं, सोबत वरची सुपीक माती नेतं. नांगरट आणि पेरणी उताराला आडवीच.

कोरड्या जमिनीवर युरिया फेकणं. सामू जास्त असेल तर नत्र हवेत जातो. ओल असताना मातीआड करा.

एका हंगामात कर्ब वाढवणारी बाटली. उष्ण कोरड्या हवेत कर्ब झपाट्याने जळतो, म्हणून दरवर्षी थोडं-थोडं घालत राहावं लागतं. जिवाणूंचं द्रावण मातीत खायला काही असेल तरच टिकतं.

पावसाचा भरवसा नसताना हिरवळीच्या खतासाठी ताग घेणं. ताग फुलोऱ्यावर आला की गाडायचा, आणि तो कुजायला पुन्हा ओल हवी. पाऊस थांबला तर मुख्य पिकाची ओल त्यानेच पिऊन टाकलेली असते. मी मुख्य पिकात मूग किंवा चवळीच्या ओळी घेतो. शेंगा तोडल्या की ओल असेपर्यंत पाला तिथेच कोळप्याने मातीत मिसळतो; ओल उडाली असेल तर तो दोन ओळींमध्ये आच्छादन म्हणून अंथरून ठेवतो.