उन्हाळ्याच्या संध्याकाळी रातवा कसा पाहावा?

वैशाखातला माळ दिवसभर भाजून निघतो, सातच्या सुमारास जरा निवतो आणि मुरमाच्या गाडीवाटेवर रातवा येऊन बसतो. मैनेएवढा हा पक्षी वाळक्या पाचोळ्यात पुढ्यात असला तरी दिसत नाही. म्हणून दिवसा त्याला शोधत हिंडू नका, संध्याकाळी तो आपणहून बाहेर पडतो.

सासवड-जेजुरीकडची खुरट्या गवताची, बाभळीची माळरानं त्यासाठी चांगली. शुद्ध अष्टमी ते पौर्णिमा यांमधली संध्याकाळ निवडा, कारण चांदणं असलं की रातवे जास्त वेळ किडे टिपत उडतात. मे महिन्यात पुण्याकडे सूर्य सातला मावळतो, तुम्ही साडेसहालाच पोचा. फुरसं, घोणस याच वेळी फिरायला लागतात, तेव्हा पायात बूट हवेत आणि जागा उजेडातच नीट पाहून बसायचं. तोंड पश्चिमेकडे ठेवा, म्हणजे मावळतीच्या उजेडावर उडत्या पक्ष्याची आकृती उठून दिसेल.

आता बोलणं बंद. रातवा आधी कानाला सापडतो. फरशीवर गोटी पडली की कशी टप, टप, टप-टप करत शेवटी टर्र होऊन थांबते? भारतीय रातव्याचा आवाज हुबेहूब तसा. वरून उडत जाताना ‘च्वीट’ असा एकच चिरका आवाज आला, तर तो माळरातवा. सह्याद्रीतल्या झाडीच्या कडेला बसलात, तर ‘चक्कू-चक्कू-चक्कू’ अशी लांबलचक माळ ऐकू येईल, तो रानरातवा. मला गोटीवाला सगळ्यांत आवडतो. मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलवू मात्र नका, हे दिवस त्याच्या विणीचे आहेत.

आवाजाच्या दिशेनं पाहत राहा. त्याच्या उडण्याचा आवाज होत नाही, पंखांवरचे पांढरे ठिपके तेवढे लुकलुकतात. बसलेला पाहायचा तर बॅटरी डोळ्यांच्या रेषेत धरून वाटेवर फिरवा. निखाऱ्यासारखे दोन तांबडे ठिपके चमकले की क्षणभर पाहा आणि उजेड काढून घ्या.

पायाजवळून एखादा अचानक उडाला, तर पाऊल उचलू नका. रातवा घरटं बांधत नाही, दोन अंडी उघड्या मातीवरच असतात. खाली नीट पाहून आल्या पावली मागे फिरा.

परतताना गाडी हळू चालवा. रात्री रातवे रस्त्यावर बसतात आणि दिव्यांनी दिपून जागचे हलत नाहीत. तांबडे डोळे दिसले की थांबा, दिवे मंद करा, तो उठून जाईल.