दिग्दर्शिका सुमित्रा भावेंच्या सिनेमांचं वेड लावून घ्यायचंय? 'अस्तु'पासून सुरू करा

सुवर्णकमळ मिळालं म्हणून आधी 'कासव' लावू नका. मला तो फार आवडतो, पण आमच्या ताईने अर्ध्या तासात विचारलं, "सुरू कधी होणार हा?" आधी 'अस्तु'. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे पंडित हत्तीमागे निघून जातात आणि माहुताची बायको त्यांना लेकरासारखं सांभाळते. पहिल्यांदा सगळं लक्ष पंडित झालेले मोहन आगाशेच खातात. म्हणून दुसऱ्यांदा बघा, तेव्हा फक्त माहुताची बायको झालेल्या अमृता सुभाषकडे. ती कानडी बोलणारी, ते शास्त्रीबुवा. तरी काही अडत नाही.

मग 'दिठी'. पण त्याआधी दि. बा. मोकाशींची 'आमोद सुनासि आले' ही कथा वाचाच. मुलगा गमावलेला लोहार आणि अडलेली गाय, एवढ्याशा ऐवजावर अख्खा सिनेमा उभा आहे. कथा डोक्यात ताजी असली की भावेबाईंनी कुठे थांबायचं ठरवलं ते कळतं.

श्रेयनामावली सोडू नका. 'दोघी'पासून बरेच सिनेमे बाईंनी सुनील सुकथनकरांबरोबर दिग्दर्शित केलेले आहेत. त्यांचं नाव गाळणाऱ्याला मी चाहता मानत नाही. आणि हो, घरच्यांना जबरदस्तीने बसवू नका. बाजूच्या खोलीत आवाज जरा मोठा ठेवा, येतात आपसूक.