मिलिंग मशीनला डीआरओ बसवताय? या चुका टाळा

डीआरओ म्हणजे डिजिटल रीडआउट: टेबलाची चाल स्केल, म्हणजे मोजपट्टी, आणि तिच्यावर सरकणारं हेड वाचतं, आणि डिस्प्ले ती आकड्यात दाखवतो. वागळे इस्टेटमधल्या माझ्या गाळ्यात हौशी मिलिंगवाले बरेच येतात. कुणाचं मशीन खारघरला बंद बाल्कनीत, कुणाचं घोडबंदर रोडला गॅरेजमध्ये. तक्रार एकच: "डीआरओ लावला, पण माप जुळत नाही." आणि संशय नेहमी डिस्प्लेवर.

डिस्प्लेला हेडकडून जे येतं तेच तो दाखवतो. घोळ असतो ब्रॅकेटमध्ये, म्हणजे हेडला मशीनशी जोडणाऱ्या तुकड्यात. किटवर हजारो रुपये घालणारा माणूस हेडच्या ब्रॅकेटसाठी मात्र दीड मिलिमीटरचा पत्रा वाकवून लावतो. का, तर हाताशी होता.

ऐरोलीचा एक मुलगा, आयटीतला, हुशार. वाय अ‍ॅक्सिसवर त्याचं एकच भोक पुढून येताना एक माप दाखवायचं आणि मागून येताना दुसरं. "काका, स्केल खराब आलंय," म्हणाला. दुसरं मागवूनही झालं होतं. मी त्याच्याकडे जाऊन टेबलाला डायल (काट्याचं मापक) लावला, काटा शून्यावर आणला, डिस्प्लेही शून्य केला आणि हेडच्या ब्रॅकेटवर अंगठा दाबला. डायलचा काटा जागचा हलला नाही, पण डिस्प्लेवर ०.०४० आलं. अंगठा काढला तर आकडा ०.०१५ वर येऊन थांबला, शून्यावर आलाच नाही. ग्लास स्केलच्या रबरी ओठांत हेडला थोडं घर्षण असतंच. टेबलाची दिशा बदलली की आधी तो पत्रा वाकायचा, मग हेड हलायचं. त्यात लांबट भोकात एकच स्क्रू, खाली वॉशर नाही. दुसरं काय होणार?

अ‍ॅल्युमिनियमच्या १२ मिलिमीटर जाड पट्टीचा ब्रॅकेट केला, मशीनच्या बाजूला दोन स्क्रू, हेडच्या बाजूला दोन. दोन्ही दिशांनी एकच आकडा. नवीन स्केल अजून त्याच्या कपाटात आहे. मी तर केबल जोडली की पहिल्यांदा अंगठाच लावतो. दाबल्यावर शेवटचा आकडा एखाददुसऱ्या पायरीपेक्षा जास्त सरकला, की ब्रॅकेट नव्याने करायचा. शिम (पातळ पत्रा) घालून, स्क्रू आवळून भागत नाही.

दुसरी चूक स्पिरिट लेव्हलची. स्केल जमिनीला समांतर असून काय उपयोग? ते टेबलाच्या चालीला समांतर हवं. लहान मशीनचं कास्टिंग रंगाखाली पुट्टीने गुळगुळीत केलेलं असतं, त्यामुळे त्या पृष्ठभागावरही विश्वास नको. डायल स्केलच्या अंगावर टेकवा, टेबल टोकापासून टोकापर्यंत फिरवा. एकदा वरच्या कडेवर, एकदा समोरच्या बाजूवर. दोन्हीकडे पूर्ण लांबीत ०.१ च्या आत आणा. पाठीमागे छोटे ग्रब स्क्रू ठेवले तर हे काम सोपं होतं. कागदाच्या घड्या घालत बसावं लागत नाही.

इथे लोक म्हणतात, तिरपं बसलं तर माप चुकेल. मापात फारसा फरक पडत नाही: ३०० मिलिमीटरला १ मिलिमीटर तिरपं असलं तरी चूक २ मायक्रॉनही नसते. नुकसान होतं ते हेडचं. हेड आणि स्केलमधली फट एका टोकाला कमी, दुसऱ्या टोकाला जास्त होते; आतली गाडी ओढली जाते, आकडे उड्या मारतात, आणि एखाद दिवशी काचेचा टवका उडतो. हेडबरोबर आलेले प्लास्टिकचे रंगीत ठोकळे ही फट राखण्यासाठीच असतात. सगळं आवळून झाल्यावरच काढा, आणि फेकू नका.

भोकं पाडण्याची घाई तर विचारू नका. आधी टेबल चारही टोकांपर्यंत हाताने फिरवा. एक्सचं स्केल मागे लावलं तर ते कॉलमला अडून वायची चाल खाणार का? पुढे लावलं तर टेबलाचे लॉक अडतील का? स्केलची मोजणारी लांबी टेबलाच्या चालीपेक्षा जास्त हवी, नाहीतर हेड शेवटच्या टोपणावर आदळतं. ग्लास स्केल कापून लहान करता येत नाही. तेवढी लवचीकता हवी असेल तर मॅग्नेटिक घ्या. ड्रिलिंग बिडात कोरडंच, आणि एम ५ च्या आट्यांसाठी ४.२ चं ड्रिल. ४ चं चालेल म्हणणाऱ्यांचे तुटलेले टॅप काढून देणं हा माझा जोडधंदा आहे.

डीआरओ लावला म्हणजे लेडस्क्रूचा (टेबल सरकवणाऱ्या स्क्रूचा) प्ले, म्हणजे ढिलेपणा, गेला, असं नाही. आकडा खरा येतो, पण कटर टेबलाला ओढायचं तेव्हा ओढतोच. आधी जिब (सरकपट्टीतला ढिलेपणा काढणारी पट्टी) नीट करा, कट घेताना न हलणारा अ‍ॅक्सिस लॉक करा.

झेडला मशीनचं स्पिंडलवालं हेड लॉक केल्यावर आकडा पुन्हा वाचा. तो सरकतो.

जॉबची कड शोधायला लावता त्या एज फाइंडरची अर्धी जाडी विसरू नका.

बसवण्यातली चूक डिस्प्लेमध्ये कॉम्पेन्सेशनचा (दुरुस्तीचा) आकडा टाकून झाकणं मला अजिबात पटत नाही. आणि टाकायचाच असेल तर १० मिलिमीटरच्या डायलवर नाही, निदान १०० च्या स्लिप गेजवर (अचूक मापाच्या ठोकळ्यावर) तपासून टाका. ०.००५ च्या आकड्यावरून जीव काढणाऱ्यांनी मे महिन्यातलं आपलं गॅरेजही आठवावं: मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश, तुमच्याकडे ३५. अ‍ॅल्युमिनियमचा १०० मिलिमीटरचा जॉब तेवढ्यानेच ०.०३ पेक्षा जास्त वाढलेला असतो.

व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) चालू केल्यावरच आकडे नाचत असतील, तर स्केल बदलण्याआधी अर्थिंग बघा. मशीनचा सांगाडा आणि डिस्प्ले दोन्ही नीट अर्थ केलेले हवेत, आणि स्केलची केबल मोटरच्या केबलला बांधलेली नको. सोसायटीच्या पार्किंगमधल्या प्लगमध्ये तिसऱ्या पिनमागे वायर आहे का, हेही एकदा वायरमनकडून तपासून घ्या.

स्केलचे ओठ खाली किंवा चिप्सकडे पाठ करून ठेवा, वर पत्र्याचं झाकण द्या. आणि काम झालं की कंप्रेसरची हवा तिकडे मारू नका. चिप्स आणि कूलंट थेट आत जातात. ब्रश घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.